मदत हवी आहे: मे महिन्यात आईबाबांना घेऊन पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस. सातबाऱ्यावर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच) व्हिसा मिळतो का?

वावरवाली

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. येत्या मे महिन्यात आईबाबांना युरोप दाखवायचं ठरवलंय. आमच्या घरातून आजवर कुणी परदेशात गेलेलं नाही. तिघांचे पासपोर्ट तेवढे काढून झालेत.

बाबा ६७ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते शकुंतलेनं, आमच्याकडच्या अरुंद रुळांच्या लहान रेल्वेनं, मूर्तिजापूरला जायचे. आता ती गाडी बंद आहे. टीव्हीवर स्वित्झर्लंडच्या डोंगरातली लहान गाडी दिसली की हातातलं काम ठेवून पाहत बसतात. "तू जाय, मी वावर सोडून कुठी येतो," असं तोंडानं म्हणतात, पण मन कुठे आहे ते मला कळतं. पाच वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकलेत. कर्ज काढायचं नाही.

तारखा अडचणीच्या आहेत. सुट्टी लागल्याशिवाय मला निघता येत नाही आणि मृग लागायच्या आत बाबा घरी हवेत, पेरणी त्यांच्याशिवाय होत नाही. म्हणून १२ ते २३ मे धरलंय. पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंड ५, व्हेनिस २. जमलं तर दोन दिवस लंडन.

खरी काळजी कागदांची आहे. बाबांचं उत्पन्न म्हणजे कापूस आणि तूर. खात्यात वर्षातून दोनतीनदाच मोठी रक्कम येते, बाकीचे महिने कोरडे. आयकर रिटर्न कधी भरलेलं नाही. तालुक्याचा एक एजंट म्हणतो, "महिनाभर त्यांच्या खात्यात चार लाख ठेवू, आणि ज्या देशाची तारीख लवकर मिळेल त्याचाच व्हिसा काढू." मला ते बरं वाटत नाही. पहिला पाय पॅरिसला पडणार, मग अर्ज फ्रान्सकडे करायचा का?

आणखी एक. बाबांच्या बोटांचे ठसे झिजलेत. रेशन दुकानातल्या मशीनवर तीनतीनदा अंगठा लावावा लागतो. व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे घेतात म्हणे. तिथं अडलं तर?

काळीमाती

ताई, मी अकोल्याचा. आमचंही घर शेतीवरच. दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा त्या एजंटला नाही म्हणा. जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. तुमच्या पाच रात्री स्वित्झर्लंडला आहेत, तेव्हा अर्ज स्विसांकडे, मग पाय आधी पॅरिसला पडला तरी चालतो. रात्री सारख्या असत्या तरच पहिला देश धरतात. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर तिन्ही देश होतात. लंडन त्यात येत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, पैसे वेगळे. शिवाय लंडनहून परत शेंगेनमध्ये शिरायचं तर एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. पहिल्या खेपेला लंडन सोडून द्या.

आता पैशाचं. अचानक आलेली मोठी रक्कम तपासणाऱ्याच्या लगेच डोळ्यात येते. कापसाचे पैसेही अचानकच येतात, पण त्यांच्यामागे कागद असतो. बाजार समितीची हिशोबपट्टी, जिनिंगची पावती, काट्याची पावती, सगळं जपून ठेवा आणि बँक स्टेटमेंटमधल्या ज्या नोंदीचा तो कागद आहे तिच्यावर पेन्सिलीनं खूण करा. आम्ही सोबतच्या पत्रात सरळ लिहिलं होतं की भारतात शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त आहे म्हणून वडिलांचं रिटर्न नाही, आणि आमच्याकडे पैसा हंगामाला येतो. डिजिटल सहीचा सातबारा, आठ अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, हे सगळं इंग्रजी भाषांतर करून, नोटरी करून लावलं. माणूस परत येणार याचा सातबाऱ्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही असं माझं मत आहे. जमीन टाकून कोण राहतं तिकडे?

खर्च तुम्ही करणार, तेव्हा तुमचं तसं पत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, तुमची रिटर्न, आणि तुम्ही त्यांची मुलगी असल्याचा दाखला लागेल. परदेशी जायची खात्याची परवानगी आजच मागा. ती फाइल टेबलाटेबलावरून फिरत जाते.

ठशांसाठी तिघांनाही व्हिसा अर्ज केंद्रात स्वतः जावं लागेल. बाबांचे दहा ठसे उमटले नाहीत तर जेवढे उमटतील तेवढे घेतात, आणि कायमचेच उमटत नसतील तर त्यालाही नियमात सूट आहे. त्यापायी व्हिसा अडत नाही. आठवडाभर आधीपासून रोज रात्री हाताला खोबरेल लावा आणि त्या दिवसांत निंदण-फवारणीला पाठवू नका. माझ्या वडिलांचे आठ ठसे उमटले होते. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

मोठ्या माणसाला फी ९० युरो, वर केंद्राचा सेवाखर्च. नकार आला तरी फी परत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा घ्या. बाबांना बीपी असेल तर विम्याच्या अर्जात लपवू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत, पण ४५ पर्यंतही लांबू शकतो. मेची गर्दी मोठी असते, जानेवारीच्या पुढे ढकलू नका.

आरेकाठी

मी बर्नजवळ राहते, माहेर वर्ध्याचं. तुमच्या बाबांचं वाचून राहवलं नाही.

पॅरिसहून बासेल गाडीनं तीन तास, तिथून इंटरलाकेन दोन तास. पाचही रात्री एकाच गावी, स्वयंपाकघर असलेल्या घरात काढा. रोज बॅगा उचलणं आईंना झेपणार नाही. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट आणा. तूप, पेढे, खवा आणू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे.

सगळे युंगफ्राउयोखच्या उंच रेल्वे स्टेशनला धावतात. ते ३,४५४ मीटरवर आहे, तिकीट महाग आणि हवा विरळ. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथं नेऊ नका. त्याऐवजी लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे क्लाइने शायडेकला जा. उंची २,०६१ मीटर, समोर बर्फाचे डोंगर, आणि गाडी अगदी तुमच्या बाबांच्या मनातली, दातेरी रुळावरून चढणारी. तिच्या रुळांची रुंदी ८०० मिलिमीटर आहे. शकुंतलेची ७६२.

व्हेनिसच्या दोन रात्रींसाठी एक पूर्ण दिवस गाडीत जाईल. मी असते तर ते गाळून पॅरिसला एक आणि इथं एक रात्र वाढवली असती. आईंना विचारा.

वावरवाली

दादा, ताई, तुम्ही दोघांनी किती मोठं ओझं उतरवलं. एजंटला आज सकाळी फोन करून नाही सांगितलं. लंडन सोडलं. परवानगीचा अर्ज सोमवारी पंचायत समितीत देते.

व्हेनिसचं आईला विचारलं. ती म्हणाली, "पाण्यातलं गाव पाहाले भेटते तं पाहून घेऊ, पुन्हा कधी जातो?" म्हणून व्हेनिस राहू देते. परतीचं विमान तिकडूनच घेईन, म्हणजे पॅरिसला परत फिरायला नको.

एक विचारायचं राहिलं. आईच्या पासपोर्टवर नावापुढे 'बाई' आहे, सातबाऱ्यावर नाही. त्याचं काय करू?

काळीमाती

तिकीट, विमा, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव अक्षर न् अक्षर लिहा. सातबाऱ्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून भाषांतरासोबत लावा. आमच्या आईचंही असंच होतं, कुणी काही विचारलं नाही.

वावरवाली

उद्याच करते. बाबांना रात्री रुळांची रुंदी सांगितली. बोटांनी मापून पाहिली आणि म्हणाले, "आपल्या शकुंतलेपक्षा दोन बोटं जास्त." मग उठून कपाटातून जिनिंगच्या मागच्या तीन वर्षांच्या पावत्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.