वीस दिवस, चौघेजण: युरोपात रेल्वेने फिरावे की मोटारीने?

द्राक्षबाग (तासगाव):

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि त्यापाठोपाठची कामे उरकली की ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत थोडी उसंत मिळते. त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस निघून सप्टेंबरच्या मध्यास परतायचे, असे वीस दिवस आम्ही धरले आहेत. मी, पत्नी, निवृत्त शिक्षक असलेले थोरले बंधू (वय ६३) आणि वहिनी असे चौघे जाणार आहोत. पॅरिसला उतरून ॲमस्टरडॅम, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि शेवटी रोम, असा बेत मुलाने नकाशावर आखून दिला आहे. पॅरिसला मोटार भाड्याने घेऊन ती रोमला सोडावी, की चौघांचे युरेल पास (युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेत चालणारे पास) काढावेत, यावर घरात एकमत होत नाही. वाटेत तिकडची द्राक्षशेती पाहावी, ही माझी एकट्याची इच्छा आहे; बाकीच्यांना डोंगर आणि जुनी शहरे हवी आहेत. व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा, आणि केवळ शेतीचे उत्पन्न असल्याने आयकर विवरणपत्र भरलेले नसेल तर अर्जाला काय जोडायचे, हेही कृपया सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा):

आम्ही उभयतांनी असा प्रवास दोनदा केला आहे, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. वीस दिवसांत सात देश म्हणजे दर तीन दिवसांनी बॅगा भरणे आणि उघडणे. माझ्या मते पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि रोम यावेळी सोडून द्यावे आणि आल्प्सच्या दोन्ही अंगांचे ऑस्ट्रिया, उत्तर इटली आणि स्वित्झर्लंड हे लागून असलेले तीन देश घ्यावेत. विमानाचे तिकीट जाताना व्हिएन्नाचे आणि येताना झुरिकचे काढावे, म्हणजे आलेल्या वाटेने परत जावे लागत नाही.

व्हिसाचा नियम असा, की ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा; मुक्काम सारखाच असेल तर जिथे प्रथम प्रवेश होतो त्या देशाकडे. वरील आखणीत ऑस्ट्रियात आठ-नऊ रात्री होतात, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाचा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणे अवघड होते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच हालचाल करावी. प्रौढ व्यक्तीचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. तिथले चलन मात्र फ्रँक आहे.

शेतीच्या उत्पन्नाबाबत स्वानुभव सांगतो. माझ्या धाकट्या भावाने बँकेचे सहा महिन्यांचे खातेउतारे, सातबारा आणि आठ-अ यांचे इंग्रजी भाषांतर आणि माल विकल्याच्या पट्ट्या जोडल्या होत्या. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र नाही, असे पत्रात सरळ लिहिले होते आणि व्हिसा मिळाला. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नये. ती नेमकी नजरेत भरते.

कृष्णाकाठ (मूळ सांगली, सध्या म्युनिक):

मोटारीबद्दल लिहितो. एका देशात घेतलेली मोटार दुसऱ्या देशात सोडली, तर परत नेण्याचा जो आकार लावतात तो कित्येकदा मूळ भाड्याहूनही जास्त असतो. पॅरिस ते रोम हा बेत इथेच बारगळतो. शहरात तर मोटार हे ओझेच आहे. इटलीतील बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात परवान्याशिवाय वाहन नेण्यास बंदी आहे. वेशीवर अडवायला कोणी नसते, कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

डोंगरात मात्र मोटार हवीच. साल्झबर्गला मोटार घ्यावी, झेल आम झे या गावी मुक्काम करून ग्रोसग्लोकनरचा घाटरस्ता चढावा, पलीकडे लिएन्झला उतरावे आणि चार-पाच दिवसांनी मोटार साल्झबर्गलाच परत करावी. हा रस्ता १९३५ साली खुला झाला. ४८ किलोमीटर लांबी, ३६ वळणे आणि माथा २५०४ मीटरवर. हिवाळ्यात तो बंद असतो, तुमच्या तारखांना सुरू असेल. त्याचा टोल वेगळा भरावा लागतो. महामार्गाचे विन्येट (टोल भरल्याची चिकटपट्टी) ऑस्ट्रियात भाड्याने घेतलेल्या मोटारीला बहुधा असतेच, तरी ताब्यात घेताना विचारून घ्यावे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहू नये. पसरणी घाट उतरताना जसे खालच्या गिअरमध्ये येतो तसेच यावे.

सांगलीच्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवानाही सोबत लागतो. जो मोटार चालवणार, त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड हवे. ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास आधीच तसे नोंदवावे, कारण नेहमी हाती पडते ती गिअरची. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. डावीकडून चालवण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांची पहिले दोन दिवस इथेच गफलत होते. महामार्गावर वाहने तुंबली की रुग्णवाहिकेसाठी मधोमध वाट मोकळी ठेवणे ऑस्ट्रियात सक्तीचे आहे, मग पुढे अपघात दिसो वा न दिसो.

जंक्शनवाला (मिरज):

पासचा हिशेब आधी कागदावर मांडा. वरच्या आखणीत रेल्वेचे मोठे दिवस पाचच होतात: व्हिएन्ना ते साल्झबर्ग, साल्झबर्गहून इन्सब्रुकमार्गे उत्तर इटलीतील बोल्झानो, बोल्झानो ते व्हेनिस, व्हेनिसहून मिलानमार्गे स्विस सीमेजवळचे तिरानो आणि तिरानो ते झुरिक. युरेलचा महिनाभरात पाच दिवसांचा पास मिळतो आणि साठीपुढच्यांना १० टक्के सवलत असते. परंतु इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आसन आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. व्हिएन्ना-साल्झबर्ग हा जेमतेम अडीच तासांचा प्रवास आगाऊ तिकिटाने स्वस्तात होतो, आणि मिलान-तिरानो ही साधी प्रादेशिक गाडी असल्याने तिचे भाडे कधीही काढले तरी तेच असते. तारखा पक्क्या असतील तर सुटी तिकिटे परवडण्याची शक्यता अधिक आहे. मनात येईल तसे थांबायचे असेल तरच पास घ्यावा.

तिरानोहून निघणारी बर्निना रेल्वे चुकवू नका. ४२९ मीटरवरून ती २२५३ मीटरवर चढते, तीही दातेरी रुळांशिवाय. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे आणि तिथे मागून इंजिने लावावी लागतात. इथला चढ सुमारे १४ ला १ आहे. २००८ मध्ये हा मार्ग जागतिक वारशात गेला. मोठ्या काचांच्या एक्सप्रेसला आरक्षण लागते, पण त्याच रुळांवरून साधी गाडी जाते, तिला ते लागत नाही आणि तिच्या खिडक्या उघडतात. मी तीच निवडली होती.

एक चूक माझीच. ऑस्ट्रियात काही गाड्या वाटेत दोन भागांत विभागल्या जातात आणि दोन्ही भाग वेगळ्या गावांना जातात. डब्यावरची पाटी न वाचता मोकळी जागा दिसली म्हणून मी चढलो आणि तास-दीड तास भलत्याच दिशेला गेलो. इतकी वर्षे मिरजेच्या फलाटावर काढलेल्या माणसाने असे करावे, याची घरी अजून थट्टा होते.

कृष्णाकाठ (मूळ सांगली, सध्या म्युनिक):

द्राक्षांचे राहिलेच. व्हिएन्नाहून मेल्कला रेल्वेने तासाभरात जावे; मेल्क ते क्रेम्स हे डॅन्यूबचे खोरे म्हणजे वाखाऊ, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवरच्या बागांसाठी प्रसिद्ध. बोल्झानोच्या परिसरात तर वेल लाकडी मांडवावर चढवण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे. आपला मांडव तिकडे पाहून तुम्हाला गंमत वाटेल. सप्टेंबरात तिकडे काढणी सुरू होते, त्यामुळे बाग पाहायला मिळेल, पण बागायतदार गप्पांना मोकळा सापडेलच असे नाही. तिथे जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषा चालतात. तिकीट काढताना बोल्झानो आणि बोझन हे एकच स्थानक आहे, हे ध्यानात असू द्यावे.

द्राक्षबाग (तासगाव):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिएन्ना चार रात्री, साल्झबर्ग आणि डोंगरात मोटारीसह पाच, बोल्झानो तीन, व्हेनिस दोन, तिरानो एक आणि स्वित्झर्लंड तीन असा नवा कागद केला आहे. बंधूंना बर्निनाचा चढ पटला, मुलाला ग्रोसग्लोकनर पटला. वहिनींना मात्र पॅरिस सोडवत नाही, त्यामुळे विमानाची तिकिटे अद्याप काढलेली नाहीत.