आजी-आजोबांचा एकत्र फोटो करायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या आजी-आजोबांचा एकत्र असा एकही फोटो नाही. आजोबांचा आहे तो स्टुडिओतला, फेटा बांधलेला, कृष्णधवल. आजीचा रंकाळ्यावरचा, रंगीत, पण आता सगळा तांबूस पडलाय. दोघांना एका चौकटीत आणायचंय.

2019 च्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हापासून आजोबांचा फोटो काचेला चिकटलाय. ओढून काढला तर चेहराच काचेवर राहील, म्हणून काचेसकट 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला. गालावरचे बुरशीचे ठिपके फोटोशॉपच्या हीलिंग ब्रशनं बऱ्यापैकी गेले. मोबाईलच्या एआय ॲपनंही बघितलं करून. फोटो चकाचक झाला, पण आई म्हणाली, "हे कोण पाव्हणं?"

आता गाडी अडलीय उजेडावर. आजोबांवर डावीकडून उजेड, आजीवर उजवीकडून ऊन. आजी आरशातल्यासारखी उलटी फिरवली तर नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते, ते घरात कुणाला खपणार नाही. मग सावल्या डॉज-बर्ननं (हवा तो भाग उजळ किंवा गडद करून) बदलू का? आणि दोन्ही फोटोंचा ग्रेन (बारीक रवाळपणा) एकसारखा कसा करायचा?

कोल्हापुरात मला शेजारी बसवून हे करून दाखवणारं कुणी असेल तर सांगा. चहा-कटवडा माझ्याकडून.