मदत हवी आहे : गोधडीच्या मधोमध फुगा येतोय, आणि मोगरा पिवळा पडलाय

ओसरीवरची

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न एकाच धाग्यात घुसडतेय, रागावू नका. दोन्ही एकाच ओसरीवरचे आहेत.

मी सेलूची, जिल्हा परभणी. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. तेव्हापासून सकाळी सात ते नऊ हे दोन तास माझे. ओसरीवर पायमशीन, समोर कुंड्यांची रांग, चहाचा कप मशीनच्या फळीवर (सांडतो अधूनमधून, सांगत नाही कुणाला). सध्या फाल्गुन सरत आलाय. सदाफुली आणि जास्वंद आहेत, गुलछडीचे दांडे निघालेत, शेवंती संपून नुसत्या काश्या (बुडातले फुटवे) उरल्यात. जिंतूरकडं जाताना माळावर पळस असा फुललाय की एसटीतून उतरावंसं वाटतं. नऊ वाजले की ऊन ओसरीवर चढतं आणि मग दिवसभर बाहेर बसायची सोय नाही. म्हणून हे दोन तास मी कुणाला देत नाही.

आता अडचण. लेकीला आठवा लागलाय. पहिलंच बाळंतपण, पाडवा करून ती इकडं येईल, तारीख वैशाखातली आहे. सासूबाईंची पाच लुगडी पेटीत होती. दोन इरकली, तीन रोजच्या वापरातली सुती. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. ती बाळाच्या अंगाखाली जावीत अशी फार इच्छा आहे. सव्वा मीटर चौरस गोधडी करायला घेतली. वर लुगड्यांचे तुकडे जोडलेले, मध्ये मामंजींचं जुनं धोतर, खाली दुकानातून आणलेलं नवं मांजरपाट.

सासूबाई कडेनं सुरुवात करायच्या आणि चौकोनात चौकोन घेत आत यायच्या. मीही तसंच केलं, फक्त मशीनवर. अंगठ्याचा सांधा धरलाय, डॉक्टर म्हणाले सुईदोरा कमी करा. अकरा फेऱ्या छान झाल्या. बाराव्या फेरीपासून मधोमध कापड वर यायला लागलं. आता तव्यावरच्या पोळीसारखा टम्म फुगा आहे, आणि खालच्या बाजूला चुण्याच चुण्या. दोनदा दोराही तुटला. बाळाला चुण्यांवर कसं निजवू?

दुसरा प्रश्न मोगऱ्याचा. दोन मोठ्या कुंड्या, चार वर्षांची झाडं. मागच्या वर्षी याच दिवसांत ओंजळभर कळ्या निघत होत्या. यंदा नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कळी एक नाही. शेणखत घातलंय, पाणी रोज देते. जास्वंदही त्याच वाटेवर दिसतेय.

फोटो चढवायला जमत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

वामकुक्षी

ताई, वैशाखात सेलूला गोधडी? बाळाला भाजायचंय का :) आमच्याकडे लातुरात तेव्हा फरशीवर पाणी मारून झोपतात.

ओसरीवरची

अहो, म्हणून तर तीनच थर घेतलेत! ही पांघरायची नाही, अंगाखालची. आणि हिवाळ्यात परभणीचं नाव पेपरात कशासाठी येतं ते विसरलात का? तोवर बाळ सहा-सात महिन्यांचं होईल, पांघरायलाही तीच.

टीप_मारणारा

काकू, मी शिलाईकाम करतो, जालन्यात. तुमचा हात चुकलेला नाही, क्रम चुकलाय.

मशीनचे दाते खालचं कापड पुढं ओढतात आणि वरचा फूट वरच्या कापडाला दाबून धरतो. त्यामुळे प्रत्येक टिपेला वरचा थर दोन-चार सुतं मागं राहतो आणि फूट त्याला न शिवलेल्या भागाकडं ढकलत जातो. एका फेरीत कळत नाही, दहा फेऱ्यांत बोटभर होतं. तुम्ही चारी कडा आधी शिवून बंद केल्या. मग ते जादा कापड जाणार कुठं? मध्येच साठणार.

हातानं शिवताना हे होत नाही. सुई सगळ्या थरांतून आरपार जाते, ढकलणारं कुणी नसतं, आणि बाई डाव्या तळव्यानं कापड सारखं सपाट करत असते. म्हणून सासूबाईंना कडेपासून आत येणं जमत होतं. मशीनवर उलट करायचं. मधून सुरुवात, बाहेर शेवट. जे काही सरकेल ते कडेला निघून जातं, शेवटी कापून टाकायचं. म्हणून वरच्यापेक्षा खालचं कापड चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं ठेवा.

आणखी एक. मांजरपाट धुतलं होतं का? खळ असते त्यात, पहिल्या पाण्यात आटतं. लुगडी तर शंभर वेळा आटून बसलीत. न धुता लावलं असेल तर आज सरळ शिवलं तरी पहिल्या धुण्यात पुन्हा चुण्या पडतील.

दोरा तुटतोय म्हणजे सुई बारीक आहे. 14 नंबर असेल तर 16 लावा, जोडाच्या जागी फारच जाड होत असेल तर 18. टीप मोठी ठेवा. फुटाच्या दांड्यावरचा स्क्रू थोडा सैल करा, दाब कमी होतो. वॉकिंग फूट मिळाला तर फारच छान, तो वरचं कापडही दात्यांबरोबर पुढं नेतो. पण विकत घ्यायच्या आधी तुमच्या मशीनला बसतो का ते दुकानात लावून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कच्चे टाके. जमिनीवर पसरून, चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे काहीही ठेवून, वीत-वीत अंतरावर लांब टाके. कंटाळवाणं काम आहे, पण हे चुकवलं की बाकी सगळं चुकतं. इथं सुई लागेल, पण अंगठ्याला तासाभराचाच त्रास.

ओसरीवरची

नाही हो धुतलं मांजरपाट! कोरं कडक, तसंच लावलं. म्हणजे अकरा फेऱ्या उसवायच्या? लुगडं विरलेलं आहे, फाटेल ना?

टीप_मारणारा

ओढू नका. मांजरपाटाच्या बाजूनं दर तिसरा-चौथा टाका बारीक कात्रीनं तोडा, मग लुगड्याच्या बाजूचा दोरा आपोआप लांब-लांब सुटून येतो. लुगड्याला ताण बसत नाही. घाई असेल त्या दिवशी हे काम करायचं नाही.

गोदाकाठ

मोगऱ्याबद्दल. ताई, पाणी कुठलं घालता?

ओसरीवरची

नळाला आठवड्यातून एकदा येतं, ते कुंड्यांना कसं घालणार. आरओ फिल्टरचं जे वाया जातं ते बादलीत साठवते, तेच सगळ्या कुंड्यांना. थेंब वाया घालवत नाही.

गोदाकाठ

तिथंच गोम आहे. मूळ बोअरचंच असणार ना? बोअरचं पाणी आपल्याकडं जड. फिल्टर त्यातले क्षार काढतो आणि काढलेले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात देतो. तुम्ही ते वर्षभर कुंडीत घालताय. कुंडीच्या कडेला, मातीवर पांढरी साय धरली असेल, बघा.

नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. माती अशी चुनखडीची झाली की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. शेणखत वाढवून उपयोग नाही. उलट नत्र जास्त झालं तर मोगरा नुसती पानं काढत बसतो.

मी असतो तर असं केलं असतं : वरची दोन इंच माती काढून टाकायची. नळाचं पाणी येईल त्या दिवशी एकदाच भरपूर पाणी सोडायचं, कुंडीच्या भोकातून चांगलं वाहून जाईपर्यंत. एरवी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घाला. फिल्टरचं पाणी फरशी पुसायला, संडासाला. ते वाचवणं चूक नाही, जागा चुकली.

मग हिराकस. कृषी सेवा केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मागा. लिटरला दोन-तीन ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळा, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळी झालेली जुनी पानं हिरवी होतीलच असं नाही, नवीन कोंबाकडं लक्ष ठेवा.

छाटणी जानेवारीत करायला हवी होती. आता खोल छाटू नका, उन्हाचा तडाखा बसेल. फक्त शेंडे खुडा. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येते. झाड उन्हातच राहू द्या पण कुंडीला गोणपाट गुंडाळा, वर सोयाबीनचं भुसकट पसरा. शेवंतीच्या काश्या मात्र सावलीत ठेवा, पावसाळ्यात लावायला होतील.

आणि हिराकस फवारताना ते धोतर-लुगडं लांब ठेवा! थेंब पडला की गंजासारखा तांबूस डाग, तो जात नाही. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस मिळून कापड काळं रंगवायचे, त्यातलंच हे.

वाकळ

आमच्या आत्याबाई शेजारी बसल्यात, त्या सांगायल्यात, मी टंकतोय. हिंगोली.

“माय, मशीन कशाला घेतलीस? बरं, अंगठा दुखतोय म्हणतीस तर ऱ्हाऊ दे. पण मधला चौक तरी हातानं घाल. वीतभराच तर हाय. दोऱ्याला मेण लाव, अंगुस्तान घाल, अंगठ्याला जोर लागत न्हाई. आमी मधला चौक बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचो. वाकळ उपाशी ठेवू नये. आन लेकराच्या खाली घालायची तर गाठ वर येऊ देऊ नको, दोन थरांच्या मधी घे.”

(भाकरीला मुंग्या लागतील असं मी म्हणालो. त्यावर जे ऐकलं ते इथं लिहिता येणार नाही.)

ओसरीवरची

आत्याबाईंना नमस्कार सांगा. आमच्या सासूबाई तांदळाचे चार दाणे टाकायच्या. विसरलेच होते मी.

बारा दिवसांनी अपडेट. उसवायला पाच सकाळी गेल्या. लुगडं एकाच ठिकाणी विरलं, तिथं तुकडा लावला. मांजरपाट दोनदा धुतलं, मापून बघितलं तर सव्वा मीटरमागं चार बोटं आटलं होतं! कच्चे टाके घातले, 16 नंबर सुई लावली, मधला चौक हातानं केला, दाणे टाकले. तिथून बाहेर मशीनवर सात फेऱ्या झाल्यात. सपाट आहे. हात फिरवून-फिरवून बघतेय.

मोगऱ्याच्या कुंडीला पांढरी साय होतीच, नखानं खरवडली तर चुन्यासारखी निघाली. एकदा फवारलंय. एका झाडाला शेंड्याजवळ दोन कोंब हिरवे दिसतात, दुसरं अजून रुसलेलं आहे. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय, त्याचा वेगळा धागा काढेन.

आता शेवटचं विचारते. इरकली काठ कडेला लावायचाय. कोपऱ्यात कापून जोडू की मोडून घेऊ?

टीप_मारणारा

मोडून. जुना काठ कापला की सुतं सुटत जातात. कोपऱ्यात तिरकी घडी घाला, घडी हातानं टाचा आणि मगच मशीन चालवा.

वाकळ

आत्याबाई म्हणायल्यात, मोडूनच. काठ कापायचा नसतो.