अठराच्या आत जिम नकोच?

जोरबैठक: दहावीचा निकाल लागला की मुलं दोन ठिकाणी नाव घालतात, क्लास आणि जिम. जिमच्या दारावर '९० दिवसांत कायापालट' आणि शेजारी फुगलेल्या दंडांचा फोटो. माझं मत: अठरा पूर्ण होईपर्यंत जिमची पावती फाडू नये. जोर, बैठका, मल्लखांब, पळणं, काय हवं ते करा. जिममध्ये पोरगं लोखंडापेक्षा आरशाशीच जास्त झुंजतं.

लोखंडी_दंड: असहमत. साध्या पुशअपमध्येही शरीराचं निम्म्याहून जास्त वजन हातांवर येतं. ६० किलोच्या मुलाने ते पेललेलं चालतं, मग २० किलोच्या रिकाम्या रॉडने काय घोडं मारलंय? वजन उचलल्याने उंची खुंटते हीसुद्धा अफवाच. बिघडतं ते घाईने. पहिले चार-सहा आठवडे काठी किंवा रिकामा रॉड, १० ते १५ वेळा, दोन सेट, आठवड्यात तीन दिवस. सलग दोन खेपा सगळे रेप्स (एकेक उचल) स्वच्छ निघाले तरच एक-दोन किलो वाढवायचे. 'एकदाच जास्तीत जास्त किती' हा खेळ या वयात बंद. डेडलिफ्टला (जमिनीवरचा रॉड उभं राहत उचलताना) कंबर वाकते ती त्याच हौसेपायी.

जोरबैठक: उंचीचं मी बोललोच नव्हतो! आक्षेप फोटोवर आणि काउंटरवर विकल्या जाणाऱ्या मालावर आहे.

पांढरा_कोट: फोटोचं सांगतो. शूटच्या आधी पाणी तोडतात, मग भात-बटाटे खाऊन स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, भरतात (तिच्या एक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी स्नायूत जातं, म्हणून ते टरारतात), ऐनवेळी डंबेल मारून रक्त चढवतात, अंगाला तेल, डोक्यावर दिवा. तो माणूस चार दिवसांनी स्वतःही तसा दिसत नाही. त्यात मुलांच्या ताकदीची मोठी उडी उंची झपाट्याने वाढल्यावर काही महिने ते वर्षभराने येते. एकाच बाकावरचे दोघे, एकाला मिशी फुटलीय, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. व्यायाम तोच, फळ वेगळं. यात आळस कुठे आला?

आणि उंची खरंच खुंटते ती सुईने. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, मिळालं की मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो. ते आक्रसतात, शुक्राणू घटतात. जादा हार्मोनचा काही भाग इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, होतो. त्याने छाती बाईसारखी वाढते आणि हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा वेळेआधीच बंद होते. जिममध्ये 'स्टॅमिना'साठी टोचलं जाणारं मेफेनटरमाइन तर भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब चढवायचं औषध आहे. धडधाकट पोराच्या हृदयाला ते कशाला?

आमटीभात: डब्याचा हिशेब राहिला. ६० किलोच्या, नियमित व्यायाम करणाऱ्या मुलाला किलोमागे १.६ धरले तरी ९६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तीन अंडी १८, अर्धा लिटर दूध १६, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२, चार पोळ्या १२, दोन वाट्या घट्ट डाळ १२. झाले ९६. व्हेचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचा, एक स्कूप म्हणजे चार अंडी, बाकी जादू नाही. वरच्या ताटात पावडर ओतून दंड जास्त फुगत नाही.

लोखंडी_दंड: म्हणजे बंदी जिमवर नको, पावडरच्या डब्यावर आणि सुईवर. जिमवर बंदी घातली की पोरगं लपवायला शिकतं. त्यापेक्षा लक्षणं बघा: मे महिन्यात हुडी, लग्नाच्या पंगतीत 'मी जेवून आलोय', खांदा दुखत असूनही एक दिवस न चुकवणं, भरदार असूनही 'मी काडी आहे' हा घोष. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत, हा ध्यास (मसल डिसमॉर्फिया) देहप्रतिमेच्या आजाराचाच एक प्रकार म्हणून नोंदलाय. तिथे ट्रेनर नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा.

जोरबैठक: ठीक, अठराचा हट्ट सोडतो. आरशावरचा आक्षेप कायम.

लोखंडी_दंड: आरसा फॉर्म बघायला असतो हो.

जोरबैठक: डेडलिफ्टला पाठीचा बाक बाजूने दिसतो. समोरच्या आरशात दिसतात ते फक्त दंड.