मारुती 800, 1998 मॉडेल, सकाळी निळा धूर: 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल टाकू की ॲडिटिव्ह?

मनीषनगरकर_लेक

नमस्कार. बाबांची मारुती 800 आहे, 1998 ची कार्बोरेटरवाली, एमएच-31, म्हणजे नागपूरची. 2023 ला पासिंग रिन्यू केलंय म्हणजे 2028 पर्यंत टेन्शन नाही, आणि बाबा ती विकणार नाहीत, हा विषय घरात बंद झालाय. रनिंग म्हणजे मनीषनगर ते धंतोली, बँक, भाजी, परत, आणि महिन्यातून एकदा काटोलला शेतावर. सकाळी पहिला स्टार्ट मारला की मागून निळ्या धुराचा एक भपकारा येतो आणि अर्ध्या मिनिटात बंद होतो. 1000 किमीला साधारण अर्धा लिटर ऑइल वरून टाकावं लागतं.

आता मेकॅनिक म्हणतो 20डब्ल्यू-50 टाका आणि सोबत ही ऑइलमध्ये मिसळायची मधासारखी घट्ट ॲडिटिव्हची बाटली, 600 रुपये. आतेभाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो फुल सिंथेटिक 5डब्ल्यू-30 शिवाय काही टाकूच नको. ऑइलच्या दुकानात तिसरंच, आधी इंजिन फ्लश मारा म्हणे, म्हणजे आतला गाळ धुणारं औषध. मॅन्युअल हरवलंय. मे तोंडावर आलाय आणि इथलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. नेमकं काय टाकू?

गरम_सावजी

ताई 20डब्ल्यू-40 टाका अन मोकळ्या व्हा. आमच्याकडे आयुष्यभर तेच टाकलं. बाटलीच्या 600 मध्ये त्यापेक्षा मटण आणा 😄

हिंगणा_फिटर

मटण राहू द्या, आधी धूर पाहू. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, आता रिटायर, घरी अजून एक जुनी 800 सांभाळून राहिलो.

रात्रभर उभी राहून सकाळी एक भपकारा अन मग साफ, हे बहुतेक व्हॉल्व्ह सीलचं लक्षण. सीलचं रबर कडक होते, रात्री वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून हळूहळू खाली उतरते अन सकाळी जळते. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तं चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे धूर राहिला असता. खात्री करायची तं कम्प्रेशन टेस्ट करून घ्या, तिन्ही सिलिंडरची. कमी आलं तं त्याच प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला लावा, आकडा चढला तं रिंग, नाही चढला तं व्हॉल्व्हची सीट किंवा गॅस्केट. हे केल्याशिवाय कोणतीच बाटली घेऊ नका. ती मधासारखी बाटली म्हणजे मुख्यतः ऑइल घट्ट करणारं पॉलिमर असते, धूर थोडे दिवस दबते, सील काही नवं होत नाही.

आता ग्रेड. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा, नंतरचा 100 डिग्रीला ऑइल किती घट्ट राहते त्याचा. नागपुरात डिसेंबरमधे फार तं 8-10 डिग्री होते, म्हणजे 5डब्ल्यूचा तुम्हाला मोठा फायदा नाही. 5डब्ल्यू-30 वाईट नाही पण 26-27 वर्षांच्या ढिल्या इंजिनात 30 पातळ पडते, खपत वाढेल अन महाग ऑइल जळताना पाहून जीव अजून जळेल. अजून एक, एपीआय म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था, तिच्या एसएम दर्जापासून पुढच्या ऑइलमधे 30 अन त्याखालच्या ग्रेडला फॉस्फरसची मर्यादा 0.08 टक्के आहे, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. पण ऑइलातला जो झिंक-फॉस्फरसवाला माल आहे तोच घासणाऱ्या पार्टवर थर धरते अन तुमच्या इंजिनात कॅम रॉकरवर घासतच फिरते. 40 अन 50 ला ती मर्यादा तशी लागू नाही. म्हणून 20डब्ल्यू-40 किंवा 15डब्ल्यू-40, एसएल किंवा एसएन लिहिलेलं, कॅनवर एपीआयचा गोल शिक्का पाहून. गरम इंजिनला आयडलवर ऑइलचा लाल दिवा मिणमिणत असेल तरच 20डब्ल्यू-50 चा विचार, पण आधी गेज लावून प्रेशर मोजा.

आता जे कोणी विचारत नाही ते. आपल्या मेकॅनिकने 'उन्हाळ्यात गरम होते' म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं कूलंट अडवणारी झडप, काढून फेकला आहे का, ते पाहा. नागपुरात हा मोठा रोग आहे बाप्पा! थर्मोस्टॅट साधारण 80-82 डिग्रीला उघडते, तो नसला तं पाच-सात किमीच्या चकरीत इंजिन गरमच होत नाही, हिवाळ्यात तं बिलकुलच नाही. मग चोक ओढून चालवणं, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुवून खाली संपमधे, म्हणजे ऑइलच्या तळटाकीत, उतरणं, अन डिपस्टिकवर लेव्हल कमी होण्याऐवजी तेवढीच राहणं. ऑइलला पेट्रोलचा वास येतो का हुंगून पाहा. झीज खरी इथं होते, मेच्या उन्हात नाही, कारण मेमधे रेडिएटर, पंखा अन कूलंट ठीक असले तं इंजिनच्या आतलं तापमान बाहेरच्या 45 ने फार बदलत नाही.

दुसरं एअर फिल्टर. सिमेंट रोड खोदलेला, धूळ किती उडून राहिली पाहता ना? फिल्टर फाटका असला तं कोणतंही ऑइल काय करन.

मॉली_मनोरा

काका मी थोडा असहमत. मी माझ्या जुन्या गाडीत मॉलिब्डेनमवालं ॲडिटिव्ह दोन वर्षं टाकतोय, आवाज कमी झाला, पिकअप पण बरं वाटतं.

हिंगणा_फिटर

वाटते हे खरं, पण ते टाकताना तुम्ही नवीन ऑइल अन नवीन फिल्टरही टाकलं होतं ना? मॉली काही फसवणूक नाही, घर्षण कमी करते, बऱ्याच ऑइलात आधीच थोडंफार असते. माझा राग टेफ्लॉनवाल्यांवर. अमेरिकेत 1996 ला फेडरल ट्रेड कमिशनने एका मोठ्या कंपनीवर दाव्यांसाठी कारवाई केली होती, कारण झीज कमी होते हे सिद्ध करणारा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. अन फ्लशचं विचाराल तं, आतमधे गाळ साठला असला तं तो एकदम सुटून पंपाच्या जाळीत अडकते अन ऑइलच बंद. त्यापेक्षा दोन वेळा 2000-2500 किमीला ऑइल बदला, हळूहळू साफ होईल.

क्लच_गेला_भाऊ

बाईकवाल्यांनी हा धागा वाचून हे ऑइल बाईकला टाकू नका हात जोडतो. मी कारचं उरलेलं टाकलं होतं 100 सीसीला, मस्त पळली दोन दिवस, नंतर पारडीच्या चढावर रेस वाढते गाडी जागेवर. क्लच ऑइलातच असतो ना आपला, कारच्या ऑइलातल्या घर्षण कमी करणाऱ्या मालाने घसरतो. कॅनवर जेएएसओ एमए किंवा एमए2, म्हणजे ओल्या क्लचच्या बाईकचा जपानी दर्जा, पाहिजेच. क्लच प्लेटचा सेट बदलला, ऑइल वाचवलं 250 रुपये.

मनीषनगरकर_लेक

अपडेट देते, 15 दिवस झाले. काका तुम्ही म्हणाला तसंच, थर्मोस्टॅट नव्हताच! बाबांना विचारलं तर म्हणे 2016 च्या उन्हाळ्यात काढला होता, 'चांगला मेकॅनिक होता तो'. कम्प्रेशन तिन्हीला 150 पीएसआयच्या आसपास, फरक दहाच्या आत. एअर फिल्टरचा खालचा रबर चिरलेला निघाला. सील बदलायला एका गॅरेजवाल्याने हेड उतरवायला सांगितलं, दुसऱ्याने प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर देऊन व्हॉल्व्ह वर धरून तसेच बदलून दिले, निम्म्यात काम झालं. थर्मोस्टॅट बसवला, 20डब्ल्यू-40 एसएन टाकलं, जुना कॅन कापून मगच भंगारात दिला, नाहीतर परत भरून विकतात म्हणे.

सकाळचा भपकारा गेलाय. पण आता टेम्परेचरचा काटा मध्यावर येऊन थांबतो आणि बाबा रोज गाडी बाजूला लावून बोनेट उघडतायत की गरम व्हायला लागली. दहा वर्षं काटा खालीच पाहिलेला ना त्यांनी. त्यांना कसं समजवू काका?

हिंगणा_फिटर

मला फोनवर द्या, मी बोलतो. नाहीतं काटोलला जाताना डिपस्टिक ओढून त्यांच्याच हातात द्या.