घर्षणाचा प्रयोग: ठोकळा कडेवर ठेवला की वाचन बदलतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी परळला मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. घर्षण फळ्यावर न शिकवता मुलांच्या हातून करून घ्यायचं ठरवलंय, पण एका जागी अडलेय.

सुताराकडून अर्धा किलोचे लाकडी ठोकळे करून घेतले. ताणकाटा (बल मोजायचा स्प्रिंगचा काटा) लावून ते टेबलावरून ओढतो. वजन दुप्पट केलं की बलही साधारण दुप्पट होतं, हे मुलांना लगेच दिसलं. ठोकळा हलेपर्यंत काटा चढत जातो आणि सरकायला लागला की थोडा उतरतो, हे तर एका मुलीनेच सगळ्यांना दाखवलं. स्थितिक (हलण्याआधीचं) आणि गतिक (सरकतानाचं) घर्षण वेगळं समजवावंच लागलं नाही!

पण ठोकळा रुंद बाजूवर ठेवा किंवा अरुंद कडेवर, बल तेवढंच लागायला हवं ना? आमच्याकडे कडेवर जास्त लागतं. "पुस्तकात आहे तसं लिहा" असं मला मुलांना सांगायचं नाही. त्यांनी जे वाचलं ते खरंच वाचलंय, मग फरक कुठून येतो हे त्यांनाच शोधू द्यावं असं वाटतं.

माझे अंदाज असे: कडेवर करवतीच्या खुणा राहिल्यात, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग मुळात सारखे नाहीत. दोरी जराशी वर ओढली गेली तर थोडा भार हातावर येतो आणि वाचन बिघडतं. शिवाय आपल्याकडची पावसाळी हवा, टेबलाचा सनमायका सतत ओलसर. ताणकाटाही १० न्यूटनचा आणि वाचन २ च्या आसपास, त्यात हात थरथरतो.

ताणकाटा खिळ्याला अडकवून ठोकळा जागेवर ठेवायचा आणि खालची फळीच ओढायची, म्हणजे काटा स्थिर राहतो, असं ऐकलंय. पन्नासेक मुलांच्या वर्गात कुणी हे केलंय का? फळी कशाची घेतली? सगळ्या बाजूंना एकच पॉलिश पेपर चिकटवला तर जमेल का?

दुसरं, फळी हळूहळू तिरपी करून ठोकळा घसरतो तो कोन बघायचाय. आठवीला टॅन (त्रिकोणमितीतलं कोनाचं गुणोत्तर) येत नाही, म्हणून उंची भागिले पाया एवढंच काढायला सांगणार आहे. स्थितिक घर्षण गुणांक तोच, म्हणजे सपाट फळीवर ठोकळा हलवायला त्याच्या वजनाच्या किती पट बल लागतं तो आकडा. मुलांना कॅरमवर बोरिक पावडर टाकून आणि न टाकताही करायचंय. स्ट्रायकरला दर वेळी सारखाच धक्का मिळावा म्हणून रबरबँड ताणून सोडायचा विचार आहे. याहून सोपं काही सुचतंय का?