अक्कलदाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी वाढलेलं दुखणं

वर एकाने लिहिलंय की दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं म्हणजे पू झाला, अँटिबायोटिक वाढवून घ्या. दर वेळी तसंच असतं असं नाही. माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी होती, हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून काढली. पहिले दोन दिवस सूज होती पण दुखणं सोसण्यासारखं. तिसऱ्या रात्री मात्र कानापर्यंत ठणका, तोंडाला घाण वास, आणि ताप अजिबात नाही. आरशात टॉर्च मारून पाहिलं तर खड्डा रिकामा, तळाशी पांढुरकं हाड.

याला ड्राय सॉकेट म्हणतात. दाढेच्या जागी रक्ताची गुठळी धरते, तीच खालच्या हाडाचं आणि नसांचं झाकण असते. ती निघून गेली की हाड उघडं पडतं. मी काय केलं होतं? दाढ काढली त्याच संध्याकाळी जोरजोरात चुळा भरल्या, स्वच्छता म्हणून! पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही हे कागदावर छापलेलं होतं, वाचतो कोण. सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त. डॉक्टरांनी खड्डा धुऊन त्यात लवंगतेलाच्या वासाची औषधी पट्टी भरली आणि तासाभरात ठणका उतरला. त्यामुळे गोळ्या वाढवण्याआधी खड्डा दाखवून या. ताप किंवा वाढती सूज असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याच दिवशी जा.